पेंग्विनच्या पायाखाली

४ जून

मारामा म्हणाली, रोज लिहायचं. वजन किती, मासे किती खाल्ले, पाय कसे आहेत. पूर्वी हे सगळं ग्लेनिस लिहायची. तिची वही सापडली नाही, म्हणून भरती-ओहोटीच्या तक्त्यांची गेल्या वर्षीची डायरी घेतली आहे. वार जुळत नाहीत. पेंग्विनला वाराशी काय करायचंय!

तर आज सकाळी मारामा सफरचंदांचं खोकं घेऊन दारात. ती वन्यजीव खात्याची इथली माणूस. वय माझ्या निम्मं, बोलणं माझ्या दुप्पट. मला ती मटुआ म्हणते. माओरी लोकांत काकाला म्हणतात तसं, पण तिच्या सुरात मान कमी आणि फिरकी जास्त. खोक्यात निळी पेंग्विन होती, कोंबडीपेक्षा लहान. पायाला आणि पंखाला मासेमारीची दोरी आवळली होती. ओमारू गावच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी ती कापून टाके घातलेत. चिप तपासल्यावर कळलं, ही आमच्याच धुण्याच्या खोलीखाली राहणारी मादी.

"तुमच्याच घरची आहे, मटुआ. दुसरीकडे कुठे नेऊ?"

मी म्हटलं, "ग्लेनिस इथे नाही. जखमी पक्षी सांभाळायचा परवाना तिच्या नावावर आहे."

"ग्लेनिसशी बोलले मी. ती म्हणाली, ठेव त्याच्याकडे. पण समुद्रात सोडायच्या दिवशी मी येईन, माझ्या हाताने सोडीन."

"येईन म्हणाली?"

"हो."

"इथे?"

"समुद्र इथेच आहे ना, मटुआ?"

ग्लेनिस गेल्या वर्षी हिवाळ्यापुरती म्हणून नेल्सनला बहिणीकडे गेली. तिकडे ऊन असतं. तो हिवाळा गेला, उन्हाळा गेला, आता दुसरा हिवाळा लागला. मी काही विचारत नाही. माणसाला ऊन हवंसं वाटतं.

मारामाची ताकीद: नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की सोडताना हात अडतो. ठीक आहे. मी तिला पाहुणी म्हणणार. ते काही नाव नाही.

६ जून

पिंजरा झाला. आपले जुने पिंजरे ग्लेनिस जायच्या आधी कुणाकुणाला देऊन मोकळी झाली होती. जागा मोकळी व्हावी म्हणून असेल. मग मी नवाच बांधला, मागच्या शेडमध्ये. लाकडी चौकट, जाळी, एका बाजूला उचलायचं दार, कोपऱ्यात लपायला पेटी.

खाली शेडचीच जमीन. ती मी ओतलेली आहे आणि मी ओतलेल्या काँक्रीटला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. जन्मभर जिल्ह्याच्या रस्त्यांवर तेच केलं. मोरीकडे बरोबर उतार. पेंग्विनची घाण म्हणजे पांढरा रंग पातळ करून माशांच्या पाण्यात कालवावा तशी. ती हातभर लांब फेकतात. पण पाईप मारला की सगळं वाहून जातं, काँक्रीट पुन्हा कोरं.

संध्याकाळी ग्लेनिसला फोन केला. पक्ष्याचं सांगायचं होतं, म्हणजे करणं भागच होतं.

"खातेय का?" तिने विचारलं.

"खातेय. बोटंसुद्धा."

"पायाखाली काय घातलंयस?"

"काँक्रीट. आपल्या स्वयंपाकघरासारखं, गुळगुळीत."

 मग म्हणाली, "बरं."

ग्लेनिसचं "बरं" ऐकून छान वाटलं. तिला साफसफाईचं आधीपासूनच फार.

९ जून

अंधार पडायला लागला की धुण्याच्या खोलीखाली पाहुणीचा नर बोंबलतो. समुद्रावरून वर येतो, बिळात शिरतो, आत गवत-काटक्या सारख्या करतो आणि मग सुरू. गाढवाला दम लागावा तसा आवाज. दरवर्षी या दिवसांत हेच. बीळ तयार आहे, ये म्हणून बायकोला हाक मारतो. यंदा बायको शेडमध्ये माझ्या पिंजऱ्यात आहे, हे त्याला कोण सांगणार?

पूर्वी या आवाजाचा मला वैताग यायचा. ग्लेनिस म्हणायची, ओरडू दे, निदान मनातलं बोलतो तरी.

रोज संध्याकाळी तो थांबला की मी फोन करतो. आज ग्लेनिसच्या बहिणीने, नोएलीनने उचलला. म्हणाली, ती जेवतेय. मी म्हटलं, पक्ष्याचं बोलायचंय. मग दिला.

१५ जून

पाहुणीच्या तळव्यांवर लाल चट्टे. मारामाने तिला काखोटीला धरून पाय उलटे केले आणि मला भिंग दिलं.

"हे बघा. ही पाण्यातली बाई आहे. पोहते तेव्हा पायांवर भार नसतो. इथे दिवसभर उभी, तीही दगडावर. असंच चाललं तर फोड येईल, फोड फुटेल, आत घाण जाईल."

"पण रोज धुतो मी. चाटून खावं इतकं स्वच्छ असतं."

"स्वच्छ आहे हो. कडक आहे. आणि गार आहे."

तिला रोज टबात पोहवतो, पण दोरीखालची पिसं गेली आहेत, ती पाणी धरतात, भिजली की कुडकुडते. म्हणजे नवी पिसं येईपर्यंत मुक्काम जमिनीवरच. पायाखाली काहीतरी दुसरं हवं. मऊ पाहिजे, ओलं राहता कामा नये, घाण मुरता कामा नये, रोजच्या धुण्याने फाटता कामा नये. सून शोधणं सोपं असेल.

ग्लेनिसच्या पायांचंही थंडीत असंच व्हायचं. बोटं लाल, सुजलेली, खाज. स्वयंपाकघरात उभी असताना एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहायची. मी तिला मेंढीच्या कातड्याच्या सपाता आणून दिल्या होत्या, एकदा नाही, दोनदा. पेंग्विनला सपाता घालता येत नाहीत, इथेच सगळी अडचण आहे.

१७ जून

सापडलं! आणि तेही घरातल्या घरात. शेडच्या मागच्या भिंतीला जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमचा गठ्ठा किती वर्षं उभा होता. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा. ग्लेनिसने डुनेडिनहून आणला होता, स्वयंपाकघरासाठी; गाडीत मावेना म्हणून सगळी वाट मान वाकडी करून बसली होती. पण स्वयंपाकघराची जमीन मी स्वतः ओतलेली. एका दिवसात, एकट्याने. गोटी ठेवली तर जिथे ठेवाल तिथे थांबते. पाहुण्यांना दाखवतो मी. त्यावर कुणी लिनो घालतं का? मी तिला नाही असं कधीच म्हटलं नाही. म्हटलं, पुढच्या हिवाळ्यात बघू.

कडेला उंदरांनी कुरतडलं होतं म्हणून मधलाच चांगला भाग कापला. पिंजऱ्यात तंतोतंत बसला. खाली जुनं ब्लँकेट घालून ऊब केली, कडा टेपने चिकटवल्या, म्हणजे पाणी खाली झिरपायला नको. फडकं मारलं की स्वच्छ. देखणं दिसतंय.

संध्याकाळी ग्लेनिसला सांगितलं. "अगं, तुझा तो गठ्ठा शेवटी कामाला आला बघ!"

"कुठला गठ्ठा?"

"लिनोचा. पाहुणीला घातला."

 मग, "किती कापलास?"

"पिंजऱ्यापुरता. मधून."

"मधून," ती म्हणाली.

"हो. कडा खराब होत्या ना."

मग फोन बंद पडला. परत लावला तर लागेना. तिकडे पाऊस असणार. नेल्सनची लाइन पावसात दगा देते.

२० जून

फोन नोएलीनने उचलला. ग्लेनिस बाहेर गेली आहे म्हणे.

२१ जून

आजही बाहेर. नोएलीनला विचारलं, इतक्या थंडीची रोज कुठे जाते? ती म्हणाली, "इथे तेवढी थंडी नसते, मर्विन." ही बाई लग्नाच्या दिवसापासून माझ्यावर खार खाऊन आहे. कारण देवाला ठाऊक.

लिनो फसला. ओला झाला की बर्फ. पाहुणी उभी राहायला जाते आणि पाय दोन दिशांना. आज मासा घ्यायला आली ती पोटावर घसरत थेट जाळीवर. हसू आलं आणि मग आलं नाही. मारामा म्हणते, असे पाय फाकत राहिले तर सांधे कायमचे जातील. काढला. गुंडाळून पुन्हा भिंतीला उभा केला. आता गठ्ठ्यातून भोक दिसतं.

२६ जून

लॉन बोलिंग क्लबवाल्यांनी मैदानावरचं जुनं नकली गवत काढून टाकलं होतं. गाडीत भरून आणलं. मऊ, घसरत नाही, पाणी खाली जातं. पाहुणी त्यावर हिरवळीवर आलेल्या राणीसारखी चालली.

फोन लागला. ग्लेनिसच होती! आवाज थकलेला वाटला. पाहुणीचं सगळं सांगितलं. टाके निघाले, वजन वाढलं, पिसांची लव दिसायला लागली. ती ऐकत होती.

"तुझं काय?" तिने विचारलं.

"माझं काय? बरा आहे. चीज रोल खातोय."

"रोज?"

"टोस्टर जवळ पडतो. स्वयंपाकघरात फार थांबायला होत नाही. गार असतं."

ती हसली असावी. तसा काहीतरी आवाज आला.

एवढ्यावरच दिवस चांगला गेला.

४ जुलै

वाईट बातमी. नकली गवताच्या मुळाशी घाण मुरते. वरून स्वच्छ दिसतं, पण नाक जवळ नेलं की कळतं. पाईपने धुतलं, ब्रशने घासलं, उलटं करून झोडपलं. तरी आत ओल. पाहुणीच्या उजव्या तळव्यावरचा फोड फुटला. आत पिवळं.

मारामा आज फिरकी घ्यायला विसरली. मलम, पट्टी, औषध माशाच्या पोटात भरून. म्हणाली, "हे हाडापर्यंत गेलं तर हिला सोडता येणार नाही, मटुआ. लंगडी पेंग्विन समुद्रात टिकत नाही. डॉक्टर मग दुसरं काहीतरी ठरवतील."

"मग ग्लेनिस येणार नाही?"

मारामाने माझ्याकडे पाहिलं. "मी पायाबद्दल बोलतेय."

"हो. मीही."

गवत पेटवलं. काळा धूर झाला. अजून नाकात बसलाय.

संध्याकाळी नर रोजच्यापेक्षा जास्त ओरडला. मी फोन केला नाही. काय सांगायचं होतं?

५ जुलै

धुण्याच्या खोलीबाहेरच्या चिखलात ठसे. दोन जोड्या. एक नराची. दुसरी लहान, नवी.

मारामाला विचारलं. ती म्हणाली, "वाट बघतात, पण जन्मभर नाही. ऑगस्टमध्ये अंडी घालायची वेळ येते. तोवर बायको आली नाही, तर जी येईल ती."

म्हणजे आपण इकडे पायाला मलम लावत बसायचं आणि तिकडे तिच्या घरात दुसरी! त्याला खिडकीतून बजावलं, थांब जरा, लेका, येतेय ती. पाय बरा होऊ दे. तो बिळाच्या तोंडाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. मला ओशाळायला झालं. म्हाताऱ्याने संध्याकाळी जमिनीकडे तोंड करून बोलावं म्हणजे काय!

तरी एक केलं. पिंजरा शेडमधून धुण्याच्या खोलीत आणला, बरोबर त्याच्या बिळाच्या डोक्यावर. खाली तूर्त टॉवेल, ओला झाला की बदलायचा. दिवसभर बदलतोय. काळोख पडताना तो ओरडला. पाहुणी ताठ झाली. मान वर केली आणि उत्तर दिलं. इतक्या दिवसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

खालचा गप्प झाला. मग दोघांनी मिळून जो गलका केला! मी दाराच्या चौकटीत उभा होतो. मला ग्लेनिस हवी आहे. एवढं लिहून ठेवतो.

७ जुलै

डूगलकडे गेलो, पलीकडच्या टेकडीवर त्याचा दुधाचा धंदा आहे. टॉवेल धुवून धुवून वॉशिंग मशीनने मान टाकली होती. त्याचं मशीन वापरायला मागायला गेलो होतो. तो दूध काढायच्या शेडमध्ये. गाई रबरी चटईवर निवांत उभ्या. जाड चटई, भोकाभोकांची, वर बारीक दाणे. त्याने पाईप मारला. शेण, मूत सगळं भोकांतून खाली, वर काही उरलं नाही.

"ही कधी घातलीस?"

"झाली की चार-पाच वर्षं. काँक्रीटवर लंगडायच्या सगळ्या. ही घातल्यापासून एकही लंगडली नाही. बायको म्हणते, पुढच्या जन्मी तुझी गाय होईन, निदान पायाखाली काहीतरी घालशील."

मला तुकडा हवा होता. त्याने कोपऱ्यातला गुंडाळा दाखवला. उरलेला आहे, सगळा ने म्हणाला. मग म्हणाला, "तुझ्या ग्लेनिसनेही मागितला होता एकदा."

"पेंग्विनसाठी?"

"नाही रे, स्वयंपाकघरात. सिंकपाशी टाकायला, उभं राहायला. मी म्हटलं, घेऊन जा ना बाई. ती म्हणाली, मर्व्हला विचारते आधी. मग आलीच नाही."

तिने मला विचारल्याचं आठवत नाही. विचारलं असेलही. स्वयंपाकघरात गोठ्याची चटई म्हटल्यावर मी काय बोललो असेन, ते मात्र मला ठाऊक आहे.

वॉशिंग मशीनचं विचारायचं राहून गेलं.

८ जुलै

दिवसभर काम. चटई पिंजऱ्याच्या मापाने कापली. तिच्याखाली लाकडी पट्ट्यांची चौकट, त्याखाली सरकणारा ट्रे. घाण भोकांतून ट्रेमध्ये, ट्रे ओढला की बाहेर. चटई उचलून उन्हात टांगता येते. एका कोपऱ्यात किनाऱ्यावरचे गोल गोटे, म्हणजे पायाला बदल. मारामा सांगते, एकसारख्या जमिनीवर एकाच जागी भार पडतो. तिची सगळी पुस्तकी भाषा आहे, पण बरोबर आहे.

पाहुणी चटईवर आली. दोन पावलं टाकून थांबली. मग चक्क बसली, डोळे मिटले.

झाल्यावर मी बूट-मोजे काढून पिंजऱ्यात पाय ठेवला. कुणी बघत नव्हतं. रबर पायाला लागलं ते गारही नाही आणि गरमही नाही. थोडं दबतं. दुखऱ्या टाचेला बरं वाटलं.

मग तसाच अनवाणी स्वयंपाकघरात गेलो, चहा ठेवला. म्हटलं, किटली शिटी मारेपर्यंत उभं राहू. शिटी व्हायच्या आतच बूट घातले.

१९ जुलै

पाय सुधारतोय. पिवळं गेलं, खपली धरली. मारामाची फिरकी परत आली: "मटुआ, तुमच्या चटईचा फोटो मी सगळ्या किनाऱ्यावर पाठवलाय. आता तुम्ही मोठे माणूस."

चिखलातली नवी पावलं दिसत नाहीत. खालून-वरून रोज गप्पा चालतात. मी खुर्ची दाराबाहेर टाकून बसतो. मला काही कळत नाही, पण उठवत नाही.

ग्लेनिसला सांगितलं, डूगलकडची चटई घातली. ती इतकंच म्हणाली, "हं."

मी म्हटलं, "चांगली आहे."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

२ ऑगस्ट

पिसं पाणी धरत नाहीत. टबातून बाहेर आली तर थेंब नुसते ओघळले. तळवा कोरडा, नवी कातडी. मारामाने शिक्कामोर्तब केलं.

ग्लेनिस शनिवारी येते! ख्राइस्टचर्चमार्गे बसने, मारामा ओमारूहून आणणार. पाहुण्यांच्या खोलीतली चादर बदलली. मग आमच्या खोलीतलीही बदलली. कुठली लागेल ते तीच ठरवेल.

शनिवार

आली. केस आखूड केलेत. शोभतात, पण मला ते म्हणायला संध्याकाळ लागली आणि तोवर तिने टोपी घातली होती.

आत आल्यावर तिने कोट काढला, बूट नाही काढले. स्वयंपाकघरातून सरळ धुण्याच्या खोलीत. पाहुणीला उचललं, एका हाताने, जशी रोज उचलत असावी. पाय उलटा करून बघितला. अंगठ्याने तळवा दाबला. पाहुणीने तिला चावा घेतला. "शहाणी आहे," ग्लेनिस म्हणाली.

मग तिने पिंजरा बघितला. ट्रे ओढला, पट्ट्या बघितल्या, गोटे हलवले.

"कितीदा बदललंस खालचं?"

"काँक्रीट, मग तुझा लिनो, मग गवत, मग टॉवेल, मग हे."

"एका पक्ष्यासाठी."

"तिचे पाय दुखत होते, ग्लेन."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बूट काढले, मोजे काढले. तिची बोटं अजून लालसर आहेत, पण पूर्वीइतकी नाहीत. भिंतीला धरून ती चटईवर उभी राहिली. एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकला नाही. नुसती उभी.

"हो," म्हणाली. "दुखत होते."

मला काहीतरी बोलायचं होतं.  मारामाने बाहेरून हॉर्न वाजवला, भरती लागतेय म्हणून.

किनाऱ्यावर ग्लेनिसने खोकं वाळूवर ठेवून उघडलं. पाहुणी बाहेर आली, अंग झटकलं. मागे वळेल असं मला वाटलं होतं. वळली नाही. लाटेत शिरली आणि गेली. एवढे दिवस मी तिच्या पायाखालची काळजी केली, आता पायाखाली काही नकोच होतं तिला.

ग्लेनिसने माझ्या कोटाच्या खिशात हात घातला. गार होतं म्हणून असेल. मी माझा हात तिथेच ठेवला.

रविवार

काळोख पडताना आम्ही दोघं धुण्याच्या खोलीत खुर्च्या टाकून बसलो. तो ओरडला. बराच वेळ एकटाच. ग्लेनिसने ओठ आवळले होते. मग बाहेर चिखलात पाय वाजले आणि खालून दुसरा आवाज. तिचाच. मी ओळखतो आता.

ग्लेनिसचे डोळे भरले. मी म्हटलं, "राहतेस?"

"उद्याचं तिकीट आहे, मर्व्ह."

"ते माहीत आहे मला."

"मग?"

 खाली ती दोघं इतकी बोलत होती आणि वर माझं हे असं. ती पाहुण्यांच्या खोलीत झोपायला गेली.

सोमवार

बसपाशी तिने माझी कॉलर नीट केली. म्हणाली, "फोन करत जा संध्याकाळी. पण पक्ष्याबद्दल नको."

"मग कशाबद्दल?"

बसचं दार लागलं.

घरी येऊन स्वयंपाकघरात बसलो. गोटी काढली, जमिनीवर ठेवली. जिथे ठेवली तिथे थांबली. बराच वेळ तिच्याकडे बघत होतो.

१२ ऑगस्ट

स्वयंपाकघरात लिनोखाली घालायला जाड लोकरीचा नमदा आणला. टेबल, खुर्च्या बाहेर. डूगल मदतीला आला. म्हणाला, "म्हाताऱ्या, तुझ्या काँक्रीटची चोरी झाली की काय?" मी म्हटलं, झाकतोय. तो कोपरे धरून राहिला.

लिनो धुऊन उलगडला. निळे-पांढरे चौकडे अजून छान आहेत. पण मधलं भोक कुठे टाकायचं? टेबलाखाली टाकलं तर कड भिंतीला पुरेना. फिरवून फिरवून बघितलं. एकाच प्रकारे पुरत होता, आणि मग भोक येत होतं बरोबर सिंकसमोर.

पाहुणीच्या पिंजऱ्यातली चटई काढली. सोड्याने उकळत्या पाण्यात घासली, उन्हात टांगली. भोकात ठेवली तर जशी काही त्याच मापाची. होतीच की, दोन्ही एकाच पिंजऱ्याच्या मापाने कापलेली.

एका ठिकाणी नमद्याची गाठ राहिली आहे. गोटी आता टेबलाखाली घरंगळत जाते. जाऊ दे.

काळोख पडला, खाली दोघं सुरू झाली. ती थांबेपर्यंत वाट पाहून फोन लावला. ग्लेनिसने उचलला.

"काय करतोयस?"

"उभा आहे."

"कुठे?"

"सिंकपाशी. अनवाणी."

मी चटईवर पायाची बोटं पसरली.

"ग्लेन, गार लागत नाही इथे," मी म्हटलं. "खूप उशीर केला मी."

 पलीकडे तिचा श्वास, अगदी जवळ. नेल्सनला पाऊस नव्हता, लाइन चांगली होती. मी फोन ठेवला नाही. तिनेही नाही.